आमटी वाढवावी, की भात कमी करावा?

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मधुमेह आणि कडधान्ये या एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. कोकणपट्टीवर हा प्रश्न वारंवार विचारला जावा, यात नवल नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर आपल्या शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, होते. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५८ असून त्यांना चार वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिनची गोळी दिवसातून दोनदा सुरू आहे. कुळीथ हे मधुमेहावरचे औषधच आहे, असे शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून आमच्याकडे गेले वर्षभर दोन्ही वेळेस कुळथाची पिठी आणि भात असतो. तरीही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.९ वरून ८.२ वर गेले. आता नणंद म्हणतात, की कडधान्यांत निम्म्याहून अधिक कर्बोदके असतात, तेव्हा ती बंदच करावीत. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : आपल्या नणंदेने सांगितलेला आकडा बरोबर आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. शेजारच्या काकूंचे म्हणणे अर्धवट खरे आहे, आणि आपल्या घरी नेमका त्यातला खोटा अर्धा भाग अमलात आला, असे पत्रावरून दिसते.

शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे ५७ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. मूग, मसूर, चवळी, वाल यांचे आकडेही याच्या आसपासचे आहेत. म्हणजे कर्बोदके आहेतच, ती नाकारून चालणार नाही. परंतु रक्तातील साखर किती चढते हे केवळ कर्बोदकांच्या वजनावर ठरत नाही, तर ती कर्बोदके आतड्यात किती वेगाने सुटी होतात यावरही ठरते. हा वेग मोजण्यासाठी टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना मांडली. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले, तर हरभरा, मसूर, राजमा ही कडधान्ये ३० च्या आगेमागे येतात, आणि पांढरा भात तांदळाच्या जातीनुसार व शिजवण्यानुसार ५० ते ८० च्या दरम्यान, कधी त्याहूनही वर जातो.

कडधान्ये इतकी सावकाश पचतात, याचे मुख्य कारण दाण्याच्या रचनेत आहे. अख्ख्या दाण्यातील पिठूळ द्रव्य जाड पेशीभित्तिकांच्या आत कोंडलेले असते आणि दाणा शिजून मऊ झाला तरी यातील पुष्कळ भित्तिका शाबूत राहतात, त्यामुळे पाचक रसांना आत शिरायला वेळ लागतो. शिवाय या पिठूळ द्रव्यात अमायलोज या सावकाश पचणाऱ्या घटकाचे प्रमाण भाताच्या मानाने अधिक असते, आणि त्याचा काही भाग लहान आतड्यात न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो.

आता आपल्या पिठीकडे येऊ. कुळीथ भाजून दळला, की या पेशीभित्तिकांपैकी बऱ्याच जात्यात किंवा गिरणीतच फुटतात, म्हणजे पचन लांबवणारा अडसर आपण स्वयंपाकाआधीच थोडा मोडलेला असतो. एवढ्यावरून पिठी वाईट ठरत नाही, कारण पिठी झाली तरी ती भातापेक्षा संथच राहते. पण अख्ख्या कुळथाच्या उसळीची बरोबरी तिला करता येत नाही. याहून मोठी अडचण प्रमाणाची आहे. दोघांसाठी पिठी करताना साधारण तीन चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पीठ लागते. पाणी मात्र तांब्याभर असते. एकाच्या वाट्याला १५ ग्रॅम कुळीथ आला, म्हणजे प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. ती पातळ, गरम, लसणीच्या फोडणीची पिठी इतकी रुचकर लागते, की तिच्याबरोबर तीन वाट्या भात कधी संपला हे कळत नाही. शिजवलेल्या भाताच्या १५० ग्रॅमच्या एका वाटीत सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदके असतात. तीन वाट्यांची १२६ झाली. जेवणात नाव कुळथाचे होते, पोटात गेला तो भात. एचबीए१सी का वाढले, याचे उत्तर बहुधा येथेच मिळेल, यजमानांच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात असे गृहीत धरून.

म्हणून कडधान्य भाताच्या जोडीला नव्हे, तर भाताच्या जागी आले पाहिजे. त्याच यजमानांना एक वाटी भात, दीड वाटी अख्ख्या कुळथाची घट्ट उसळ (सुमारे ४५ ग्रॅम कोरडे कुळीथ), एक मोठी वाटी पालेभाजी आणि मासळी खात असल्यास एक-दोन तुकड्या असे ताट वाढून पाहा. कर्बोदके भाताची ४२ आणि कुळथाची सुमारे २६, मिळून ६८ ग्रॅम होतात. पूर्वीच्या ताटात पिठीची धरून ती सुमारे १३५ होती. कुळथाची प्रथिनेही ३ वरून १० ग्रॅमवर जातात. जेनकिन्स यांच्याच गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मधुमेहाच्या १२१ रुग्णांपैकी एका गटाने तीन महिने रोज किमान एक कप शिजवलेली कडधान्ये खाल्ली, तर दुसऱ्या गटाने गव्हाच्या कोंड्यासह केलेले पदार्थ खाल्ले. कडधान्यांच्या गटाचे एचबीए१सी सरासरी ०.५ ने उतरले, दुसऱ्याचे ०.३ ने. हा लाभ खरा आहे, पण माफक आहे. गोळी बंद करता येईल एवढा तो नव्हे, आणि कुळथाला औषध म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की तो चांगला आहार आहे आणि आहारालाही त्याची एक मोठी कामगिरी असते.

आपल्याकडच्या काही खास गोष्टींबद्दल सावध राहावे. मे महिन्यात वालाच्या किंवा चवळीच्या उसळीत फणसाच्या आठळ्या पडतात. त्या चवीला उत्तम, पण जवळजवळ निव्वळ पिठूळ असल्याने त्या खाल्ल्यास तेवढा भात आणखी कमी करावा. उसळीत बटाटा घातला तरी हाच हिशेब लागू होतो. ओल्या काजूगरांची उसळ ही नावाने उसळ असली तरी काजू हे कडधान्य नव्हे, आणि तिच्यातील स्निग्धांश बराच असतो. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यातले नारळाचे वाटप साखर फारशी चढवत नाही, मात्र उष्मांक आणि संपृक्त चरबी वाढवते, म्हणून रोज नव्हे. बिरड्यात आणि आमटीत गूळ टाकण्याची सवय असल्यास तो वगळावा आणि आंबटपणासाठी आमसुले तशीच ठेवावीत. सोलकढी चालते, पण साखरेच्या पाकातले कोकम सरबत चालत नाही. उकड्या तांदळाचा भात सुटा शिजवल्यास पांढऱ्या तांदळापेक्षा साखर काहीशी हळू चढवतो. त्याचीच मऊसूत पेज केली, की हा फायदा बराच कमी होतो.

सकाळच्या न्याहारीचाही विचार करावा. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्याहारीला मसूर खाल्ल्यावर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढली, असे आढळले होते. म्हणून आंबोळ्या किंवा पोह्यांऐवजी आठवड्यातून तीन-चार दिवस मुगाची किंवा मटकीची उसळ सकाळीच खाऊन पाहणे सोयीचे ठरेल.

सरतेशेवटी पुरावा आपल्याच घरी मिळवता येतो. ग्लुकोमीटर असेल, तर जुन्या ताटाच्या दिवशी जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर तपासावी, आणि दोन दिवसांनी नव्या ताटाच्या वेळी तेच करावे. जेवणानंतरची साखर १८० च्या आत असावी हे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे. यजमानांसाठीचे नेमके उद्दिष्ट त्यांचे डॉक्टर ठरवतील. चार कोरे आकडे कागदावर लिहून काढले, तर नणंद आणि शेजारच्या काकू या दोघींशीही वाद घालण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. डॉक्टरांनी कडधान्ये वाढवायला सांगितली, परंतु उसळ खाल्ली की दिवसभर पोट फुगलेले राहते आणि चारचौघांत बसणे अवघड होते. मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोजची गोळी आहे. सोडा घालून वाटाणे शिजवले तर चालतील का?
(एक वाचक, देवगड)

उत्तर : कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा असतात. त्या फोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते, त्यामुळे त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात आणि तेथील जीवाणू त्या आंबवतात. वायू होतो तो यामुळे. आपल्या बाबतीत याच्या जोडीला व्होग्लिबोज आहे. ही गोळी लहान आतड्यातील शर्करांचे पचन मुद्दाम लांबवते, म्हणजे काही शर्करा तिच्यामुळेही खाली उतरतात आणि त्याच जीवाणूंच्या हाती लागतात. अकार्बोजचेही असेच आहे. मेटफॉर्मिननेही काहींचे पोट बिघडते. तेव्हा सारा दोष उसळीच्या माथी मारू नये, आणि गोळीही स्वतःहून बंद करू नये; पुढच्या भेटीत डॉक्टरांना पोटफुगी होते असे स्पष्ट सांगावे. आपल्या पिढीतील पुरुष हे सांगायला लाजतात, आणि त्यामुळे गोळीची मात्रा बदलण्याची सोपी संधी हुकते.

स्वयंपाकघरात करता येण्यासारखे बरेच आहे. कडधान्य रात्रभर, दहा-बारा तास भरपूर पाण्यात भिजवावे, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात शिजवावे, कारण वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग भिजवण्याच्या पाण्यात उतरतो. मोड आणल्यास अंकुर वाढताना बी स्वतःच या शर्करा वापरते. मूग आणि मसूर पोटाला हलके, तर काळे वाटाणे, हरभरा आणि वाल जड, म्हणून सुरुवात मुगापासून करावी. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे उसळ पुरे. तीन-चार आठवड्यांत अर्ध्या वाटीपर्यंत आणि मग वाटीपर्यंत जावे. आतड्यातील जीवाणूंना नव्या अन्नाची सवय होते, पण ती लागायला अवधी द्यावा लागतो. एकदम दोन वाट्या उसळ खाऊन तिला कायमची रामराम ठोकणारे रुग्ण मी बरेच पाहिले आहेत.

सोडा शक्यतो टाळावा. त्याने वाटाणे लवकर मऊ होतात हे खरे, परंतु त्यातील बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि जेवणात सोडियम वाढते, आणि आपल्या वयात रक्तदाबाचाही विचार करावा लागतो. वाटाणे रात्रभर भिजवून कुकरला दोन शिट्ट्या जास्त दिल्या तरी काम होते. फोडणीत हिंग अवश्य घालावा, पण भिजवण्याचे काम हिंगावर सोपवू नये.

प्रश्न : वडिलांचे वय ७१, मधुमेह २० वर्षांचा. नुकतेच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) वाढलेले आढळले, यूरिक ॲसिडही जास्त आहे. घरातील सर्वांनी मिळून त्यांच्या डाळी आणि उसळी बंद केल्या, मासे मात्र त्यांना सोडवत नाहीत. शक्ती राहावी म्हणून आई त्यांना रोज कुळथाचे कळण देते. हे योग्य आहे का?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आपण जे बंद केले त्यापेक्षा जे चालू ठेवले त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते. मूत्रपिंडाचा आजार असून डायलिसिस सुरू नसेल, तर दिवसभरातील प्रथिने साधारण दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी सुमारे ४८ ग्रॅम. या मर्यादेत एक वाटी उसळ सात-आठ ग्रॅम घेते आणि मासळीच्या मिळून १०० ग्रॅम भरणाऱ्या दोन तुकड्या सुमारे २० ग्रॅम. मोजायचेच झाले तर दोन्ही मोजावेत. केवळ उसळ बंद करण्याला अर्थ नाही. उलट वनस्पतीजन्य फॉस्फरस शरीरात कमी शोषला जातो, हा डाळींच्या बाजूचा मुद्दा आहे. पुढे डायलिसिस सुरू झाल्यास प्रथिनांची गरज वाढते, हेही लक्षात ठेवावे, कारण त्या वेळीही घरचे लोक जुनीच पथ्ये चालू ठेवतात.

यूरिक ॲसिडच्या बाबतीतही हाच उलटा प्रकार दिसतो. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि समुद्री अन्न अधिक खाणाऱ्यांत गाऊटचे, म्हणजे यूरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचे, प्रमाण वाढलेले आढळले. प्युरिन (शरीरात ज्याचे यूरिक ॲसिड होते ते द्रव्य) असलेल्या भाज्या व कडधान्यांचा तसा संबंध दिसला नाही. बांगडा, तारली, कोळंबी यांचे प्रमाण कमी करायला वडिलांना पटवणे कठीण आहे, हे मी समजू शकते. निदान सुकी मासळी आणि पापड मिठासाठी तरी ताबडतोब कमी करावेत.

कळणाबद्दल मात्र थांबून विचार करा. कुळीथ भरपूर पाण्यात उकळला, की त्यातील पोटॅशियमचा बराचसा भाग पाण्यात उतरतो, आणि कळण म्हणजे तेच पाणी. रक्तातील पोटॅशियम वाढलेले असेल, तर वडिलांनी उसळ खावी आणि पाणी टाकून द्यावे. आपल्याकडे नेमके याच्या उलट चालू आहे. म्हणून आधी पोटॅशियम, ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्यांचे आकडे पाहावेत. पोटॅशियम मर्यादेत असेल, तर कळणाला मनाई करण्याचे कारण नाही, फक्त रोजच्या शक्तिवर्धकाचा मान त्याला देऊ नये.

प्रश्न : माझे वडील मासेमारीच्या बोटीवर जातात, वय ५५. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. मागील महिन्यात मी त्यांना रात्री भात बंद करून नुसती चवळीची उसळ खायला सांगितले. तिसऱ्याच रात्री दोन वाजता घामाने भिजून, थरथरत उठले. मशीनवर ५८ आले. आई घाबरून उसळच गरम करायला गेली. माझे काय चुकले?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपला हेतू चांगला होता, क्रम चुकला. इन्सुलिनची मात्रा जुन्या जेवणातील भाताच्या हिशेबाने ठरलेली होती. भात गेला आणि मात्रा तशीच राहिली. इन्सुलिनप्रमाणेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. अशा रुग्णांनी ताटात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी, आणि भात एकदम बंद न करता दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत जावा.

साखर ७० च्या खाली गेली असताना उसळ उपयोगाची नाही, कारण तिचा जो संथपणा एरवी गुण ठरतो, तोच अशा वेळी दोष ठरतो. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोजची पूड पाण्यात घालून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर अजून ७० च्या खाली असल्यास तितकीच पुन्हा द्यावी, आणि ती वर आल्यावर मग थोडा भात किंवा भाकरी खायला द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये आणि तत्काळ दवाखाना गाठावा. घरात साखर किंवा गूळ असतोच, पण वर देवगडच्या वाचकांच्या उत्तरात आलेल्या व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची जोड असेल, तर साखर आणि गूळ यांचे पचनच लांबलेले असते, म्हणून अशा घरी ग्लुकोजच लागते. वडील बोटीवर जाताना ग्लुकोजचे पाकीट पिशवीत नव्हे, तर कपड्याच्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे, आणि बरोबरच्या किमान एका खलाशाला ते कशासाठी आहे हे माहीत असावे.

प्रश्न : मोड आलेले मूग, मटकी आणि वाल रोज सकाळी कच्चेच खाल्ले, तर साखरेला अधिक फायदा होतो का?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : कच्चे खाल्ल्याने खास फायदा होतो असे म्हणता येणार नाही, धोका मात्र आहे. मोड येण्यासाठी लागणारी उबदार, ओलसर हवा जीवाणूंनाही मानवते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे फडक्यातले मोड एका रात्रीत बुळबुळीत होतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे घातक जंतुसंसर्गाची मोठी साथ आली होती. मधुमेहात संसर्ग लवकर बळावतो, म्हणून मोड नीट वाफवून खावेत. मूग आणि मटकीला एक वाफ पुरते. कडवे वाल मात्र मोड आले तरी कच्चे खाऊ नयेत. सोललेल्या डाळिंब्या दोन बोटांत सहज चेपल्या जातील, इतपत शिजू द्याव्यात.